आजार पसरणारा नाही, मग कळवायचा कुणाला? (शिशाच्या विषबाधेचा पेशंट आणि डॉक्टरची कायदेशीर जबाबदारी)

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर तुम्ही सांगाल आणि नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोपरखैरण्यात तुमचं जनरल प्रॅक्टिसचं क्लिनिक आहे, रबाळे एमआयडीसीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या युनिटमधला चाळिशीचा कामगार पोटात कळा, बद्धकोष्ठता आणि थकवा घेऊन आला, हिमोग्लोबिन कमी निघालं, तुम्हाला शंका आली म्हणून ब्लड लेड (रक्तातल्या शिशाची तपासणी) पाठवलं आणि ते ५८ मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर आलं. तुम्ही पालिकेच्या आरोग्य विभागात फोन केलात तर तिथून उत्तर मिळालं की आमच्याकडे डेंगी, मलेरिया, टीबीची नोंद होते, हे आमच्याकडे येत नाही. आणि पेशंट म्हणतोय, साहेब कुठे कळवू नका, नोकरी जाईल. तर कायद्याने कळवावंच लागतं का, कुणाला, आणि पेशंटच्या गुप्ततेचं काय, असे तीन प्रश्न आहेत.

अशा पेशंटला ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन परत पाठवणारे खूप असतात, तुम्ही ब्लड लेड करायला लावलं याबद्दल मनापासून कौतुक. मी स्वतः एएफआयएच (कामगारांच्या आरोग्याचा अभ्यासक्रम) केलेला फॅक्टरी मेडिकल ऑफिसर आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल आणि इंजिनीअरिंग कारखान्यांमध्ये काम करतो, त्यामुळे हे कायद्याचं प्रकरण माझ्या रोजच्या कामातलं आहे.

छोटं उत्तर असं की हो, कळवणं बंधनकारक आहे. पालिकेला नाही, तर डिश ऑफिसला, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, ज्याला जुने लोक अजूनही फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतात. लेखी कळवायचं. पेशंटची परवानगी कायद्याने लागत नाही, पण त्याला न सांगता पाठवू नका, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

आता यात गोंधळ का होतो ते. कॉलेजात आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की नोटिफायेबल म्हणजे कॉलरा, प्लेग, टीबी, म्हणजे पसरणारे आजार. एखाद्यामुळे दुसऱ्याला होऊ शकतो म्हणून सरकारला कळवायचं, हे लॉजिक बरोबरच आहे. पण शिशाच्या विषबाधेत किंवा सिलिकोसिसमध्येही (दगड-वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) दुसऱ्याला होण्याचा धोका असतोच की, फक्त तो पेशंटपासून नसतो, तो पेशंट जिथे काम करतो त्या जागेपासून असतो. तुमच्या पेशंटच्या शेजारी त्याच भट्टीवर अजून माणसं उभी आहेत, तीच धूळ आणि तोच धूर घेतायत, आणि त्यांच्यापैकी कुणी अजून डॉक्टरकडे गेलेलं नाही. तुम्ही पाठवलेला एक कागद बहुतेक वेळा त्या सगळ्यांपर्यंत पोचणारी पहिली गोष्ट असते. म्हणून असंसर्गजन्य आजार समोर आला की तो पसरतो का हे विचारून काही उपयोग नाही, तो कामामुळे झालाय का हे विचारायचं, आणि कुणाला कळवायचं याचं उत्तर त्यातूनच निघतं.

कायदा बघू. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये कलम ८९ होतं. कारखान्यातल्या माणसाला तिसऱ्या अनुसूचीतला, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतला, आजार झाला तर मॅनेजरने नोटीस पाठवायची हा एक भाग, आणि दुसरा भाग थेट आपल्यावर आहे, की अशा माणसावर उपचार करणाऱ्या कुठल्याही क्वालिफाइड डॉक्टरने विलंब न लावता मुख्य निरीक्षकाच्या ऑफिसला लेखी रिपोर्ट पाठवायचा. त्यात पेशंटचं नाव आणि पूर्ण पत्ता, कुठला आजार आहे किंवा असावा असं वाटतं, आणि कारखान्याचं नाव-पत्ता, एवढ्या तीनच गोष्टी मागितल्यात. डॉक्टरने पाठवलं नाही तर हजार रुपयांपर्यंत दंड. आणि रिपोर्ट तपासणीत खरा ठरला तर डॉक्टरला फी द्यायची आणि ती कारखान्याकडून वसूल करायची अशीही तरतूद होती, ही बहुतेकांना माहीतच नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले, त्यातल्या ऑक्युपेशनल सेफ्टी, हेल्थ अँड वर्किंग कंडिशन्स कोड २०२० ने कारखाने अधिनियमाची जागा घेतली. कळवायची जबाबदारी तिथेही तशीच आहे, कलम १२ मध्ये. अधिकाऱ्याचं नाव बदलून मुख्य निरीक्षक-कम-फॅसिलिटेटर झालं, डॉक्टरचा दंड दहा हजारांपर्यंत गेला, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे जुन्या कलमासारखंच तिथेही सध्या कामावर असलेला किंवा पूर्वी कामावर असलेला असे दोन्ही पेशंट येतात. कारण ॲस्बेस्टॉसिस किंवा मेसोथेलिओमा हे ॲस्बेस्टॉसमुळे होणारे आजार काम सोडल्यावर वीस-तीस वर्षांनीसुद्धा उगवतात, माणूस तेव्हा नातवंडांसोबत डोंबिवलीला किंवा गावाला असतो आणि कारखाना कधीच बंद पडलेला असतो.

नेमका फॉर्म आणि मुदत या गोष्टी राज्याच्या नियमांवर चालतात आणि आत्ता जुन्याकडून नव्याकडे जाण्याचा काळ आहे, त्यामुळे पाठवायच्या आधी डिशच्या ऑफिसला एक फोन करून चालू फॉर्म कोणता ते विचारून घ्या. पण फॉर्म मिळेपर्यंत थांबू नका, लेटरहेडवर वरच्या तीन गोष्टी लिहून पाठवलेलं पत्र कधीच वाया जात नाही.

अनुसूचीत एकूण २९ आजार आहेत. शिसं, पारा, मँगनीज, आर्सेनिक, फॉस्फरस, बेंझीन, कार्बन मोनॉक्साइड, फॉस्जीन, आयसोसायनेट यांची विषबाधा, सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, सुताच्या धुळीचा बिसिनोसिस, क्रोममुळे होणारे व्रण, कामामुळे होणारा त्वचेचा दाह, आवाजामुळे येणारा बहिरेपणा, विषारी कावीळ, विषारी ॲनिमिया, कामामुळे झालेला कॅन्सर वगैरे. अँथ्रॅक्ससारखा एखादा सोडला तर जवळजवळ सगळी यादी असंसर्गजन्यच आहे. तुम्ही क्लिनिकमध्ये यातले बरेच बघत असणार पण त्या नावाने बघत नसाल. कटिंग ऑइलमध्ये हात घालणाऱ्या सीएनसी ऑपरेटरचा इसब, पॉलियुरेथेनचा स्प्रे मारणाऱ्या पेंटरचा नवीनच सुरू झालेला दमा जो रविवारी बरा असतो आणि सोमवारी परत येतो, पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याचा दोन्ही कानांचा बहिरेपणा. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात नुसतं सर्व्हिस असं लिहिलं की हे सगळं निसटतं. कृपा करून कुठल्या खात्यात, कुठल्या मशीनवर, हाताला आणि नाकातोंडाशी काय येतं आणि आधीच्या नोकऱ्या कोणत्या, एवढं विचारून लिहीत जा, दोन मिनिटं लागतात.

आता तुमच्या मनात येणारी शंका, की माझ्याकडे पुरावा कुठे आहे, ५८ म्हणजे विषबाधा धरायची का, अनुसूचीत आकडा किती आहे. अनुसूचीत आकडा नाहीच. तिथे शिशाची किंवा त्याच्या संयुगांची विषबाधा आणि तिचे परिणाम एवढंच आहे. आणि कलमाची भाषा आजार आहे किंवा असल्याचं डॉक्टरला वाटतं अशी आहे, म्हणजे तुमचं प्रामाणिक वैद्यकीय मत पुरेसं आहे, सिद्ध करण्याचं काम तुमचं नाही. ते पुढे प्रमाणक शल्यचिकित्सक (कामगारांना तपासणारा सरकारने नेमलेला डॉक्टर) बघतो, कारखान्यात जाऊन हवा आणि बाकी कामगार तपासण्याचे अधिकार त्या यंत्रणेला आहेत, आपल्याला नाहीत. तुलना म्हणून सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा असं आहे. तुमच्या पेशंटचं ५८ आहे आणि वर पोटाची लक्षणं आणि ॲनिमिया आहे. मी तरी क्षणभर थांबणार नाही. फक्त एक करा, सँपल शिरेतून घेतलेलं होतं ना आणि योग्य ट्यूबमध्ये होतं ना ते लॅबला विचारा, कारण कामाच्या कपड्यांतच आलेल्या माणसाच्या बोटातून रक्त घेतलं तर कातडीवरचं शिसं मिसळून आकडा फुगतो. शंका असेल तर रिपीट पाठवा, पण रिपीट येईपर्यंत रिपोर्ट रोखून धरू नका, पत्रात तसं लिहा की पुन्हा तपासणी पाठवली आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत.

पहिलं म्हणजे ते युनिट किती मोठं आहे. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथे एका गाळ्यात पाच-सात माणसांवर चालणारी कामं भरपूर आहेत आणि कायदा लागू व्हायला माणसांच्या संख्येच्या अटी असतात. माझं मत असं की हा हिशोब डॉक्टरने करूच नये. पेशंट म्हणतो आम्ही सहा जण, तपासायला गेलं की कॉन्ट्रॅक्टरचे धरून वीस निघतात. तुम्ही पाठवा, कायदा लागू होतो की नाही ते ऑफिस ठरवेल. कॉन्ट्रॅक्ट कामगार असेल तर कॉन्ट्रॅक्टरचं नाव आणि ज्या कंपनीच्या आवारात तो काम करतो तिचं नाव, दोन्ही लिहा, नाहीतर पत्र नुसतं एजन्सीच्या पत्त्यावर फिरत बसतं.

दुसरं, जागा कुठली. टीटीसीचा, म्हणजे ठाणे-बेलापूर एमआयडीसीचा, पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, तळोजा एमआयडीसी रायगडमध्ये, त्यामुळे स्थानिक ऑफिस बदलतं. मी पत्र संचालकांच्या नावाने करतो आणि प्रत संबंधित जिल्ह्याच्या ऑफिसला पाठवतो, म्हणजे हा प्रश्नच राहत नाही. पेशंट दगडखाणीतला असेल तर गोष्ट वेगळी, खाणी कारखाने अधिनियमात कधीच नव्हत्या, त्यांच्यासाठी खाण अधिनियम १९५२ चं कलम २५ होतं आणि रिपोर्ट केंद्र सरकारच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जायचा. नव्या कोडमध्ये खाणीही आल्यात, पण खाणींसाठी सरकार म्हणजे केंद्र सरकार, त्यामुळे ते ऑफिस आजही वेगळंच.

तिसरं, आजार कामामुळे झालाय की नाही. हे सगळ्यात अवघड. साधा डायबिटीस, बीपी, हार्ट अटॅक, पॅरालिसिस, किडनी स्टोन यांचा एकेक पेशंट नावासकट कळवायचा असा कुठलाही कायदा नाही, सरकारी कार्यक्रमात त्यांचे आकडे जातात तेवढंच. कॅन्सर संपूर्ण देशासाठी एकाच कायद्याने नोटिफायेबल केलेला नाही, काही राज्यांनी आपापले आदेश काढलेत. कॅन्सर रजिस्ट्री ही वेगळी गोष्ट आहे, मुंबईची रजिस्ट्री १९६३ पासून आहे आणि तिची माणसं हॉस्पिटलांत जाऊन नोंदी गोळा करतात. पण तोच फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, ॲस्बेस्टॉसवर काम केलेल्या माणसाला झाला तर तो कामामुळे झालेला कॅन्सर या नोंदीखाली कळवायलाच हवा. निदान तेच, पण माणसाने आयुष्यात काय काम केलं त्यावर तुमची कायदेशीर जबाबदारी बदलते.

सिलिकोसिसबद्दल थोडं जास्त लिहितो कारण आपल्या भागात तो सर्रास टीबी म्हणून जातो. फाउंड्री, सँडब्लास्टिंग, काच, दगड फोडणं हे जुने धंदे झाले, आता त्यात क्वार्ट्झचे किचन ओटे कापणारे आणि पॉलिश करणारे आलेत. घोडबंदर रोडवर आणि खारघर, उलव्यात एवढी घरं होतायत, ते ओटे कोण कापतं आणि कसलं फडकं नाकाला बांधून कापतं ते बघा. त्या कृत्रिम दगडात सिलिकाचं प्रमाण नैसर्गिक ग्रॅनाइटपेक्षा खूप जास्त असतं, आणि ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली. असा पोरगा खोकला आणि धाप घेऊन येतो, एक्स-रेत वरच्या भागात गाठी दिसतात, थुंकी निगेटिव्ह, तरी टीबीची औषधं सुरू होतात, सहा महिन्यांनी काहीच फरक नाही आणि मग दुसरा कोर्स. सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याची शक्यताही बरीच जास्त असते, त्यामुळे दोन्ही एकत्र असू शकतं. तसं असेल तर दोन रिपोर्ट जातात, टीबीचा निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर आणि सिलिकोसिसचा डिशला. निक्षयवर टाकलं म्हणजे कळवून झालं असं समजू नका, निक्षयवरून कुणी त्याच्या कारखान्यात जाऊन धूळ मोजत नाही.

विषयाला धरून अजून दोन-तीन गोष्टी पटकन. सर्पदंश हा आजार पसरणारा नाही, तरी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू कळवणं बंधनकारक करायला सांगितलं, तेव्हा मुरबाड-शहापूरकडे प्रॅक्टिस करणाऱ्यांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून चालू आदेश मागून घ्यावा. संशयास्पद विषप्रयोग, मारहाण यांची खबर पोलिसांकडे जाते, ती एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) वाट वेगळी, आणि कंपनीत वायुगळती होऊन माणूस आला तर पोलीस आणि डिश दोन्ही. मानसिक आरोग्यात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ८९ खाली पेशंटला त्याच्या इच्छेशिवाय दाखल केलं तर पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, बाकीच्यांसाठी सात दिवसांत. आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र तर प्रत्येक आजाराला लागू आहे. तिथे नुसतं कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट लिहू नका, मूळ कारण लिहा, सिलिकोसिस असेल तर सिलिकोसिस लिहा, त्या एका शब्दावर त्याच्या बायकोचा नुकसानभरपाईचा अर्ज उभा राहतो किंवा पडतो.

आता पेशंटची भीती. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातला हाच भाग सगळ्यात खरा आहे.

गुप्ततेचं कायदेशीर उत्तर सोपं आहे. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २००२ चे जे नियम आहेत, त्यात पेशंटची माहिती उघड करायची नाही याला जे अपवाद दिलेत त्यात नोटिफायेबल आजार आहेत. म्हणजे तुम्ही सांगून गुन्हा करत नाही, न सांगून करता. पण हा अपवाद फक्त त्या अधिकाऱ्यापुरता आहे. कंपनीच्या एचआरला फोन करून तुमच्या माणसाचं लेड वाढलंय असं सांगणं त्यात अजिबात बसत नाही. रिपोर्टची प्रत कंपनीला पाठवू नका, गेटवरच्या सिक्युरिटीकडे तर नाहीच, आणि पेशंटच्या हातात कंपनीच्या नावाने चिठ्ठी देताना त्यात काय लिहायचं ते त्याला विचारून लिहा.

त्याला काय सांगायचं? मी असे पेशंट समोर बसवून बोलतो, शक्यतो बायको किंवा भाऊ सोबत असताना. सांगतो की दादा, हे औषधाने तात्पुरतं कमी होईल पण तुम्ही परत त्याच भट्टीवर उभे राहिलात तर पुन्हा चढेल, आणि हात लुळा पडणं, किडनी, नसा यांचं नुकसान सगळंच परत भरून येत नाही. मग सांगतो की मला हे सरकारला कळवावं लागतं, मी कळवणार आहे, आणि का ते. नोकरीला काही होणार नाही अशी गॅरंटी मी देत नाही, तुम्हीही देऊ नका, कारण ती आपल्या हातात नाही आणि खोटी ठरली तर तो परत कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाही. पण जे खरं आहे ते सांगा. प्रमाणक शल्यचिकित्सक त्याला शिशाच्या त्या कामावरून बाजूला करायला लावू शकतो, म्हणजे त्या भट्टीवरून, नोकरीवरून नव्हे. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर कामामुळे झालेला आजार हा कामावर झालेल्या इजेसारखाच धरला जातो, त्याचे पैसे मिळतात, त्यासाठी वाशीचं किंवा वागळे इस्टेटचं ईएसआय हॉस्पिटल गाठायचं. कार्ड नसेल तर कामगार नुकसानभरपाईची वाट आहे. आणि या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न येतो की आजार पहिल्यांदा कुणी, कधी, कुठे नोंदवला. तुमचं तारीख टाकलेलं पत्र हे त्याचं उत्तर असतं. हे नीट समजावलं की बहुतेक माणसं तयार होतात. एखादा नाही होत, रागावून उठतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. तरी पत्र पाठवावंच लागतं, आणि मी पाठवतो, कारण त्याच्या शेजारच्या माणसांना माझ्याकडे येण्याची संधी अजून मिळालेलीच नाही.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: पेशंटशी बोलणं, लॅबकडून सँपलची खात्री, डिशला फोन करून फॉर्म विचारणं आणि त्याच दिवशी पत्र. पत्र छोटं ठेवा, तीन बंधनकारक गोष्टी, खाली कामाचं स्वरूप आणि किती वर्षं, लक्षणं, लेडचा आकडा तारखेसह, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर. कंपनीवर आरोप, निष्काळजीपणा वगैरे शब्द नकोत, ते तपासणाऱ्याचं काम. स्पीड पोस्टने पाठवा किंवा हाताने देऊन इनवर्डचा शिक्का घ्या, ईमेल केलात तरी कागद द्याच. प्रत पेशंटला द्या आणि एक केसपेपरला लावा. महिनाभरात काही हालचाल दिसली नाही तर त्याच इनवर्ड नंबरचा उल्लेख करून स्मरणपत्र टाका.

उपचाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण राहवत नाही म्हणून लिहितो. चिलेशन, म्हणजे शरीरातलं शिसं बाहेर काढणारी औषधं, स्वतः क्लिनिकमध्ये सुरू करू नका, आणि शिशाचा संपर्क चालू असताना तर मुळीच नको, फिजिशियन किंवा टॉक्सिकॉलॉजीची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा. आणि तो कामाचे कपडे घरी आणून धुतो का ते विचारा. बहुतेक वेळा हो असतं, आणि एका खोलीत सगळे राहतात. घरात सहा वर्षांखालची मुलं असतील किंवा बायको गरोदर असेल तर त्यांचंही ब्लड लेड करून घ्या, मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम मोठ्यांपेक्षा खूप कमी पातळीला सुरू होतो. त्यांचे आकडे वाढलेले आले तर घरच्यांची संमती घेऊन तेही त्या पत्राचा उल्लेख करून डिशला पाठवा, ती मुलं कायद्याच्या व्याख्येत कामगार नाहीत, पण तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला कारखान्यात कपडे बदलायची, आंघोळीची आणि धुलाईची सोय आहे का हे बघायला ते आकडे भाग पाडतात. पत्राचा मसुदा करून इथे टाका, पेशंटचं आणि कंपनीचं नाव काढून, मी वाचून सांगतो.